डाव्या दारावरचं कुंकू

मी बग्ग्या रंगवणारा माणूस. मुंबईच्या एका गाडीकारखान्यात नऊ वर्षं काढली आणि तिथल्या मुकादमाशी भांडून ठाण्याला परत आलो. भांडण कशावरून झालं ते विचारू नका. डोक्यात राख घालून घ्यायला मला कधी मोठं कारण लागलं नाही. नौपाड्यात तेव्हा भातखाचरं होती आणि मधूनमधून घरं, त्यातलं एक दोन खणांचं आमचं. गाड्यांवर मालकांची नावं रंगवता रंगवता मला अक्षरं आली, म्हणून हे लिहितोय. एरवी माझ्यासारख्याने कागद काळे करायचं काही कारण नव्हतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही आणि तोंडाने सांगायची लाज वाटते. लिहिताना निदान समोर कोणी बघत नसतं.

कल्याणच्या एका वकिलांचा निरोप आला होता. त्यांच्या मुलाचं लग्न वैशाखात. मुलीकडचे दोन आळ्या पलीकडचेच, पण तालेवार. वकीलसाहेबांच्या वडिलांनी कधीकाळी एका गोऱ्या साहेबाच्या लिलावात काळी बग्गी घेतली होती. वडील वारले, घोडा विकला गेला आणि बग्गी पाच वर्षं गोठ्याच्या बाजूला पडवीत तशीच उभी राहिली. आता नवरदेव त्याच बग्गीतून निघाला पाहिजे, असं वकीलसाहेबांनी घेतलं होतं मनावर. घोडा भाड्याचा चालेल, बग्गी घरची हवी.

माघ संपता संपता मी गेलो. बग्गी बघितली आणि कपाळावर हात मारला. काळी कसली, चुलीतल्या राखेच्या रंगाची झाली होती. छतावर पारव्यांची वस्ती. खाडीचा खारा वारा आणि गोठ्याची वाफ यांनी रोगण पांढरं पडलेलं, जागोजाग तडकलेलं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे अंगभर चरे, उभे, आडवे, गोल गोल. घरच्या गड्याला विचारलं, हे काय रे? तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "तुम्ही येताय म्हटल्यावर मी कालच चांगली घासून काढली. राखेने. नारळाची शेंडी घेऊन."

"अरे मेल्या, ही बग्गी आहे का तपेलं?" मी ओरडलो. "उद्या चिंच लावून घासशील!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणीतरी खळखळून हसलं. नंतर लगेच हसू दाबल्याचा आवाज.

त्या वकीलसाहेबांच्या धाकट्या बहीण. वय असेल अठ्ठावीस-तीस. चौदाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी डोकं भादरून माहेरी आणून सोडलं, तेव्हापासून त्या इथे. अंगावर लाल आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेलं. घरातली लहानमोठी सगळी त्यांना आत्याबाई म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्या मला मिस्त्री म्हणत. घरात मला मिस्त्री म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. वकीलसाहेब "अरे रंगाऱ्या" म्हणत आणि त्यांच्या बाई तर नुसतं "त्याला सांग" म्हणत.

काम असं होतं. आधी बग्गी कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायची, पारव्यांची घाण भिजवून भिजवून काढायची. मग बघायचं की चरे किती खोल गेलेत. वरच्या रोगणापुरते असतील तर घासून निघतात, खाली रंगात उतरले असतील तर रंग नव्याने चढवावा लागतो. इथे दोन्ही होतं. मग लोकरी नमद्याचा तुकडा पाण्यात बुडवायचा, त्यावर दगडाची बारीक पूड घ्यायची आणि एका रेषेत घासत जायचं. गोल फिरवायचं नाही, आणि जोर तर मुळीच लावायचा नाही. जोर लावला की कडेचा रंग उडून खालचं लाकूड दिसतं. घासून झालं की काजळीच्या काळ्या रंगाचे हात, त्यावर रोगणाचे हात, आणि दर दोन हातांच्या मध्ये परत घासणं. काळ्या रंगात काही लपत नाही. हिरव्या गाडीवर, तांबड्या गाडीवर थोडी लबाडी खपते. काळ्यावर बोट ठेवलं तरी दुपारच्या उन्हात ते दिसतं.

आत्याबाई एकभुक्त. दुपारी घर झोपलं की त्या मागच्या ओट्यावर यायच्या आणि लांबूनच बघत बसायच्या. सुरुवातीला मला राग यायचा. काम चाललेलं असताना कोणी टक लावून बघितलं की माझा हात बिघडतो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही समोरून बघताय. बाजूने, खाली वाकून बघा. मागच्या चाकाच्या वर एक पट्टा राहिलाय."

मी तावातावाने वाकून बघितलं. पट्टा राहिला होता.

असं दोनदा झालं, चारदा झालं. एक दिवस मी चिडून म्हणालो, "एवढं दिसतंय तर तुम्हीच घासा की!" मी टोमणा मारला होता. त्या ओट्यावरून उतरून आल्या.

आता हे किती वावगं होतं ते मला कळत होतं. विधवा बाई, ब्राह्मणाच्या घरची, आणि मंगलकार्याची गाडी. त्यात मी परका, परजातीचा पुरुष. पण त्यांनीच रीत ठरवून टाकली. मी बग्गीच्या उजव्या अंगाला, त्या डाव्या अंगाला, मध्ये सबंध बग्गी. पूड आणि पाण्याचं भांडं मी जमिनीवर ठेवायचं, मग त्यांनी उचलायचं. नमदा त्यांना चालेना, माझ्या हातचा, कुणाकुणाच्या गाड्यांना लागलेला. त्यांनी स्वतःच्या जुन्या आलवणाचा तुकडा फाडून आणला. धुऊन धुऊन तो इतका मऊ झाला होता की माझ्या नमद्यापेक्षा सरस. घासणं झालं की विहिरीवर अंघोळ, आणि घर जागं व्हायच्या आत सगळं जागच्या जागी. तो तुकडा वाळला की मी माझ्या पेटीत टाकून ठेवायचो, म्हणजे कुणाला दिसायला नको.

डावं दार सगळं त्यांनी घासलं. मी खोटं सांगत नाही, आणि आता सांगून मला मिळायचं तरी काय आहे, मी नऊ वर्षं मुंबईला जे शिकलो ते त्या बाईच्या हाताला पंधरा दिवसांत आलं. जोर नाही, घाई नाही. कडेशी आलं की आपोआप हात हलका. दाराच्या खोबणीतसुद्धा चरा ठेवला नाही. मी "बरं आहे," एवढंच म्हणायचो. कौतुक करायला माझ्या जिवावर यायचं.

घासता घासता त्या बोलायच्या. बग्गीच्या पलीकडून नुसता आवाज यायचा. त्यांना वाचता येत होतं, भावाच्या जुन्या पुस्तकांवर शिकल्या होत्या. पुण्याला म्हणे बायकांना शिकवून मास्तरीण करतात. मुलींच्या शाळेवर नेमतात. "दादा हो म्हणालाय," त्या म्हणाल्या. "लग्न पार पडू दे, मग तिथे पत्र घालतो म्हणालाय. वहिनीला पसंत नाही. पण दादाने शब्द दिलाय." आणि मग थोड्या वेळाने, "मिस्त्री, मास्तरणीला सगळ्या पोरी बाई म्हणतात ना? नुसतं बाई?"

"म्हणत असतील."

"मला आवडेल," त्या म्हणाल्या आणि परत घासायला लागल्या.

त्या लग्नावर त्यांचं सगळं लटकलेलं होतं. लग्न नीट पार पडलं, वकीलसाहेब खुशीत असले, तर पत्र जाणार होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. कुणी म्हणू नये की मला माहीत नव्हतं.

चैत्र लागला. रंगाचे हात झाले होते, रोगणाचा एक हात झाला होता. एका सकाळी वकीलसाहेबांच्या बाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेताने, "रंगाऱ्याला काय, रेंगाळायला बरंच आहे. दोन वेळा आयतं जेवण मिळतंय."

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रश धुतले, पेटी उचलली आणि तडक ठाण्याची वाट धरली. आत्याबाई मागच्या दारी उभ्या होत्या, "अहो मिस्त्री, काय झालं?" म्हणाल्या. मी चालत सुटलो. घरी बारा दिवस हाताची घडी घालून बसलो. वकीलसाहेबांचा गडी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला सांगितलं, "साहेबांना म्हणावं, स्वतः यायला काय झालं?" बायको म्हणाली, "अहो, लग्नाचं घर आहे, एवढा ताठा बरा नव्हे." तिच्यावरही खेकसलो. शेवटी वकीलसाहेबांनी चिठ्ठी पाठवली, गोड शब्दांत, तेव्हा स्वारी निघाली.

बारा दिवस म्हणजे काय, ते रंगाऱ्यालाच कळतं. रोगणाचे दोन हात अजून बाकी होते. शेवटचा हात दिला की दोन आठवडे तरी गाडीला पाणी लागू द्यायचं नाही, बोट लागू द्यायचं नाही. वरून दोन दिवसांत सुकल्यासारखं वाटतं, आतून कच्चंच असतं. हे कारखान्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. माझा शेवटचा हात लागला तो लग्नाच्या आधी चार दिवस.

पण दिसत होती कशी, काय सांगू! उन्हात बाहेर ओढली तेव्हा सगळी आळी बघायला जमली. दारात माणसाचं तोंड दिसत होतं, मिशांसकट. वकीलसाहेबांनी फेटा सारखा केला तो बग्गीत बघून. म्हणाले, "वा रे रंगाऱ्या, शर्थ केलीस!" मी छाती फुगवून उभा. त्या वेळी सांगायला हवं होतं, की साहेब, ही अजून कच्ची आहे, हिला हात लावू नका, पाणी नको, कुंकू नको. सांगितलं असतं तर विचारलं असतं, का बाबा? आणि मग ते बारा दिवस निघाले असते.

एका माणसाने विचारलंच. दुपारी आत्याबाई आल्या, डाव्या दाराजवळ वाकून बघितलं. मग बोटाची पाठ हळूच टेकवली. "मिस्त्री, वरून सुकलंय. आतून सुकलंय का हो?"

"रंगारी मी का तुम्ही?" मी म्हणालो. "सुकलंय."

"तसं असेल तर ठीक," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या सकाळी वकीलसाहेबांच्या बाई तबक घेऊन आल्या. नवी गाडी, मंगलकार्य, पूजा तर व्हायचीच. त्यांनी कुंकू पाण्यात कालवलं आणि डाव्या दारावर, कारण नवरदेव तिथूनच चढणार, बोटाने ठसठशीत स्वस्तिक काढलं. चार कोपऱ्यांत हळदीची बोटं. चाकाशी नारळ फोडला, पाणी दारावर उडालं. मी नवा फेटा बांधून चार हातांवर उभा होतो. कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुना कच्च्या रोगणाला काय करतो ते मला ठाऊक होतं. पण लग्नाच्या सकाळी कुंकवाला नको कोण म्हणणार, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसभर ऊन वैशाखातलं.

लग्न लागलं, जेवणं झाली. उन्हं उतरल्यावर वरात वधूच्या दारातून निघाली आणि या घरी पोचली. नवरदेव उतरला. मागून नवरी उतरायला लागली, तिच्या शेल्याचा पदर दाराच्या कडेला टेकला होता तो सुटेना. करवलीने ओढला. शेला सुटला, पण त्यावर हातभर काळा डाग. दारावर शेल्याचे रेशमी तंतू चिकटून राहिलेले. नव्या नवरीच्या अंगावर काळं! "अगं बाई!" म्हणून बायका मागे सरल्या. कुणीतरी गडबडीने ओल्या फडक्याने दार पुसायला गेलं आणि कुंकू निघालं. खाली स्वस्तिक तसंच होतं. रोगणात खोल उतरलेलं, पांढरट, कडांनी लाल, आणि दोन ओघळ पार खालपर्यंत गेलेले.

मुलीकडची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "या दाराला हात कुणाचा लागलाय?"

तिने कारागिरीबद्दल विचारलं नव्हतं. ती अपशकुनाबद्दल विचारत होती, हे सगळ्यांना कळलं. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला होता. व्याह्यांसमोर, सगळ्या आळीसमोर त्यांनी मला पुढे बोलावलं. "काय रे हे? हेच का तुझं काम?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुंबईचा कारागीर म्हणून मिरवत होतो ना मी! माझे कान तापले. आणि मी म्हणालो, "साहेब, माझ्या कामात खोट नाही. सगळी बग्गी बघा, कुठे डाग आहे का? हे एकच दार माझ्या हातचं नाही. हे आत्याबाईंनी घासलंय."

खरं तर बाकीच्या बग्गीला कुणी कुंकू लावलं नव्हतं, म्हणून ती शाबूत होती. उजव्या दाराला लावलं असतं तर तिथेही हेच झालं असतं.

"काय बरळतोस?" वकीलसाहेब ओरडले. "शुद्धीवर आहेस ना?"

त्यांनी मला खोटं ठरवलं याचाच मला राग आला. बघा कसा माणूस आहे मी! बग्गीच्या बैठकीखाली माझी पेटी होती. ती ओढली, उघडली, आणि आलवणाचा तो लाल तुकडा काढून सगळ्यांच्या समोर धरला. "हा बघा. याने घासलंय त्यांनी. विचारा त्यांना."

वाजंत्री वाजवणारासुद्धा थांबला. बायका त्या तुकड्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग माजघराच्या खिडकीकडे. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. विधवेच्या अंगावरच्या वस्त्राचा तुकडा परक्या पुरुषाच्या पेटीत. मला दार कुणी घासलं ते दाखवायचं होतं. लोकांना भलतंच दिसलं. माझा हात तसाच वर राहिला, तो खाली घ्यायचंही सुचेना.

वकीलसाहेबांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "खरं का गं हे?"

मंगलकार्यात पुढे येता येत नाही म्हणून त्या दिवसभर आतच होत्या. आतून आवाज आला, "हो दादा."

एवढंच. त्या म्हणू शकल्या असत्या की मी विचारलं होतं, हा म्हणाला सुकलंय. त्या म्हणाल्या नाहीत. मी म्हणू शकलो असतो की दाराचा दोष घासण्याचा नाही, माझ्या बारा दिवसांच्या रुसव्याचा आहे. एका वाक्याचं काम होतं. मी तुकडा पेटीत कोंबला आणि मान खाली घालून उभा राहिलो.

लग्न काही मोडलं नाही. नवरीला दुसरा शेला दिला, दारावर शाल टाकली, माप ओलांडून ती घरात गेली. लोक पानसुपारी घेऊन घरोघर गेले, तोंडात एक विषय घेऊन.

चौथ्या दिवशी माझे राहिलेले डबे आणायला मी गेलो. मुद्दाम सकाळी लवकर गेलो, वकीलसाहेब पूजेत असतील म्हणून. ते अंगणातच उभे होते. दारात छकडा जुंपलेला, आणि छकड्यात आत्याबाई, मांडीवर एक बोचकं. गड्याने हळूच सांगितलं, सासरी पोचवतायत. मुरबाडच्या पलीकडे कुठेसं गाव. सोळा वर्षांत ज्या घराने विचारलं नाही त्या घरी. मी वकीलसाहेबांपासून पाच पावलांवर होतो. अजूनही वेळ गेलेली नव्हती. अहो, पाय धरले असते तरी चाललं असतं! मी पडवीत गेलो, डबे गोळा केले, झाकणं नीट लावत बसलो. एकेक झाकण तीनतीनदा दाबलं. बाहेर आलो तोवर छकडा वळणापलीकडे गेला होता.

पत्र गेलं नाही हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर माझं काम काही थांबलं नाही. ठाण्यात साहेबांच्या गाड्या होत्या, भिवंडीच्या सावकारांच्या होत्या. एकदा बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जा ना मुरबाडला. वकिलाकडे जा. सांगा खरं काय ते." मी म्हणालो, जातो. भातं झाल्यावर जातो. पावसाळा झाल्यावर जातो. मुरबाड काय विलायतेत नव्हतं. अकरा वर्षं गेली आणि वकीलसाहेबही वारले.

त्यांचा मुलगा, ज्याचं लग्न झालं तो, ठाण्याच्या कचेरीत लागला आणि नौपाड्यातच बिऱ्हाड केलं. त्याची बायको सारखी आजारी. पोरांचं बघायला कोणी नाही म्हणून त्याने आत्याबाईंना आणवून घेतलं. हे मला बायकोने बाजारातून येऊन सांगितलं. म्हणाली, "आता तर चार घरं टाकून आहेत. आता कुठला पावसाळा मध्ये आणता?"

गेलो. तरी घरी नाही, दोन दिवस पाळत ठेवून सकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर गाठलं. धुणं आटोपून निघाल्या होत्या. वाळून गेल्या होत्या, ओठ आत गेलेले. बरोबर भाच्याची तीन-साडेतीन वर्षांची पोर. मी समोर उभा राहिलो, काय बोलायचं ते सगळं पाठ करून आलो होतो. तोंड उघडायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

"मिस्त्री ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "बरं झालं भेटलात. मला तुमची माफी मागायची होती."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या थट्टा करत नव्हत्या.

"तुमचं एवढं चांगलं काम, माझ्या हातामुळे नासलं. चारचौघांत तुमचं नाव खराब झालं. मी किती विचार केला, कुठे चुकलं म्हणून. पाणी जास्त घेतलं का? पूड नीट धुतली गेली नाही का? तुम्ही तर म्हणाला होतात सुकलंय म्हणून. म्हणजे दोष घासण्यातच असणार. मग नंतर वाटायला लागलं, घासण्यातही नसेल. लोक म्हणतात ते खरं असेल. हातच तसा असेल. सासरी मी लोणच्याला हात लावला नाही, विरजणाला लावला नाही. कुणी सांगितलं म्हणून नव्हे हो. मलाच भीती."

अकरा वर्षांपूर्वी खिडकीत खळखळून हसणारी बाई ही! मी पायरीवर बसलो. आणि सांगितलं सगळं. बारा दिवस रुसून बसलो ते, शेवटचा हात चार दिवस आधी लागला ते, कुंकवात चुना असतो ते, मला त्या सकाळी सगळं ठाऊक होतं ते. तुमचा कशाशी काही संबंध नव्हता, असं दोनदा सांगितलं. मध्ये मला रडू आलं, त्याचीही लाज वाटली.

माझं संपल्यावर त्यांनी बादली पायरीवर ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे घासणं बरोबर होतं?"

"माझ्याहून चांगलं होतं, आत्याबाई. तेव्हाही कळत होतं मला."

"अस्सं," त्या म्हणाल्या.

मी वाट बघत होतो. मेल्या, तुझं तळपट होवो, असं म्हणतील, तोंडावर थुंकतील, धुण्याची बादली फेकून मारतील. काहीतरी करावं त्यांनी, असं वाटत होतं मला. त्यांनी बादली उचलली. पोर दमली होती, उन्हाने तिचं तोंड लाल झालं होतं. उचलून घे म्हणून तिने दोन्ही हात वर केले. आत्याबाई तिच्याकडे बघत अर्ध्या वाकल्या. माझ्याकडे एकदा बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. मग सरळ झाल्या.

"चाल बाळ," त्या म्हणाल्या. "माझ्या मागून चाल."

पोर हात वर करून, रडत, त्यांच्या मागून पायऱ्या चढत गेली.